मोबाइल गेमची पहिली पावले: संकल्पनाचित्रापासून खेळता येणाऱ्या नमुन्यापर्यंत

२००९च्या सुरुवातीला फिनलंडमधील रोव्हिओ ही कंपनी आर्थिक अडचणीत होती. तोपर्यंत तिने ५१ गेम तयार केले होते. नव्या गेमसाठी आलेल्या प्रस्तावांची छाननी चालू असताना याक्को ईसालो या डिझायनरने एक चित्र पुढे ठेवले. पाय किंवा पंख न दिसणारे, गोलमटोल, कपाळाला आठ्या घातलेले काही पक्षी रंगीत ठोकळ्यांच्या ढिगाकडे निघाले आहेत, एवढेच त्यात होते. ते कोणावर चिडले आहेत, खेळणाऱ्याने नेमके काय करायचे आणि जिंकायचे कसे, यांपैकी कशाचाही उलगडा त्यातून होत नव्हता. तरीही पाहणाऱ्यांना ती पात्रे इतकी आवडली की त्यांच्याभोवती गेम रचायचे ठरले. शत्रू म्हणून पुढे डुकरे आली, कारण त्या वर्षी स्वाइन फ्लूच्या बातम्या सगळीकडे झळकत होत्या. ११ डिसेंबर २००९ रोजी आयफोनवर दाखल झालेला ‘अँग्री बर्ड्‌स’ हा त्या कंपनीचा ५२वा गेम होता.

ही हकीकत ऐकून अनेक नवख्यांचा असा समज होतो की एक देखणे चित्र जमले की गेम जमला. मधल्या कित्येक महिन्यांच्या कामाकडे त्यात दुर्लक्ष होते. त्या चित्राने एकच गोष्ट पक्की केली, ती म्हणजे पात्रे कोणती. बाकीचे सगळे प्रश्न त्यानंतर एकेक करून सोडवावे लागले. संकल्पनाचित्राकडे, म्हणजेच कॉन्सेप्ट आर्टकडे, याच दृष्टीने पाहावे असे मला वाटते. गेमविषयीचा एखादा निर्णय स्वस्तात आणि लवकर घेता यावा म्हणून ते काढायचे असते. ज्या चित्राने कोणताही निर्णय पुढे सरकत नाही ते कितीही सुंदर असले तरी या टप्प्यावर वेळखाऊ ठरते. पुढील पायऱ्या याच कसोटीवर मांडल्या आहेत आणि त्या समजाव्यात म्हणून एक काल्पनिक गेम सोबत घेतला आहे.

पहिली पायरी: बोट काय करणार ते लिहून काढा

कागदावर रेघ ओढण्यापूर्वी खेळणारा आपल्या बोटाने काय करणार हे एका वाक्यात लिहावे. त्या वाक्यात क्रियापद ठसठशीत हवे. ‘अँग्री बर्ड्‌स’मध्ये बेचकी ताणून सोडायची असते, ‘कट द रोप’मध्ये दोरी कापायची असते, ‘थ्रीज’मध्ये आकड्यांच्या फरशा सरकवायच्या असतात. आपल्या उदाहरणातील गेमचे वर्णन कोणी ‘अंधाऱ्या गुहेत हरवलेल्या वटवाघळाची हृदयस्पर्शी कहाणी’ असे केले, तर चित्रकाराच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘पडद्यावर टिचकी मारली की वटवाघूळ आवाज सोडते, त्या आवाजाची लहर जिथे आदळते तिथली भिंत क्षणभर उजळते, आणि तेवढ्या वेळात पाहिलेले लक्षात ठेवून खेळणाऱ्याने अंगठा वर-खाली सरकवत वटवाघळाला पुढे न्यायचे असते.’

हे वाक्य लिहिल्याबरोबर प्रश्नांची रांग लागते. आवाजाची लहर दिसते कशी? उजळलेली भिंत किती वेळ दिसत राहते? मिट्ट अंधारात काळे वटवाघूळ ओळखू कसे येणार? धोकादायक भिंत आणि निर्धोक भिंत यांत फरक कसा कळणार? हे प्रश्न एका खाली एक लिहून ठेवावेत, कारण पुढचे काही आठवडे चित्रकाराच्या कामाची यादी हीच असणार आहे.

चित्र आधी आणि खेळ नंतर असा उलटा प्रवासही यशस्वी होतो, हे मान्य करायला हवे. लंडनच्या असटू या स्टुडिओचा २०१४ साली आलेला ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा गेम केन वाँग या डिझायनरच्या चित्रातून वाढला आणि त्यामागे एम. सी. एशर या डच चित्रकाराच्या अशक्यप्राय वास्तूंची प्रेरणा होती. हा गेम आयसोमेट्रिक पद्धतीने रेखाटलेला आहे. या पद्धतीत समांतर रेषा दूर जाताना एकमेकींजवळ येत नाहीत, त्यामुळे जवळच्या जिन्याची कड आणि प्रत्यक्षात बऱ्याच लांब असलेल्या कठड्याची कड पडद्यावर एकमेकींना चिकटलेल्या दिसू शकतात. खेळणारा मनोऱ्याचा एखादा भाग फिरवतो, नजरेला तुटलेली वाट जुळलेली दिसते, आणि गेमचा नियम असा की जी वाट जुळलेली दिसते ती जुळलेलीच असते. म्हणजे त्या चित्रपद्धतीतच ‘फिरवणे’ आणि ‘जुळवणे’ ही क्रिया दडलेली होती. तुमच्याकडे आधी चित्र असेल तर त्याच्यात असे काही दडले आहे का हे शोधावे; नसेल तर ते चित्र भिंतीवर लावावे आणि क्रियेचे वाक्य नव्याने लिहायला बसावे.

दुसरी पायरी: संदर्भ गोळा करा, पण कारणासह

संदर्भचित्रांचा फलक, म्हणजे मूडबोर्ड, एका दिवसात तयार होतो आणि त्यावर याहून अधिक वेळ घालवू नये. त्यात केवळ इतर गेमची चित्रे भरली तर आपला गेमही त्यांच्यासारखाच दिसू लागतो. म्हणून वटवाघळाच्या पंखांची हाडे, चुनखडीच्या गुहांची छायाचित्रे, पाण्यावर उठणारे तरंग, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या जुन्या सोनार (sonar) यंत्राचे पडदे असे मूळ स्रोत शोधावेत. प्रत्येक चित्राखाली ते का घेतले हे चार शब्दांत लिहावे. ‘छान वाटले’ हे कारण धरू नये. ‘कडेचा प्रकाश’ किंवा ‘कानांचा आकार’ असे नेमके लिहिता आले तरच ते चित्र फलकावर ठेवावे.

तिसरी पायरी: लघुचित्रांचा ढीग घाला

नवखे चित्रकार सर्वांत जास्त घाई इथे करतात. पहिली बरी कल्पना सुचली की ते तिच्यावर दोन दिवस रंगकाम करतात, आणि एवढी मेहनत झाल्यावर ती टाकून देणे जिवावर येते. यावर उपाय म्हणजे पहिली चित्रे मुद्दाम इतकी लहान काढायची की त्यांत तपशील मावूच नयेत. आगपेटीएवढ्या चौकटी आखाव्यात, काळा, करडा आणि पांढरा अशा तीनच छटा वापराव्यात, खोडरबर बाजूला ठेवावे आणि प्रत्येक चौकटीला दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. कागद आणि जाड पेन यांवर हे काम उत्तम होते. संगणकावर करायचे असेल तर ‘क्रिता’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. टॅब्लेटवर ‘प्रोक्रिएट’ अनेकजण वापरतात.

एका पानावर एकच प्रश्न घ्यावा. ‘अंधारात वटवाघूळ कसे दिसेल’ या प्रश्नाच्या वीस चौकटी काढल्या तर पहिल्या पाच-सहा सगळ्यांना सुचतील अशाच निघतात: चमकणारे डोळे, पांढरी बाह्यरेषा, भोवती प्रकाशाचे वलय. खरी शोधाशोध त्यानंतर सुरू होते. कुठल्या तरी चौकटीत वटवाघूळ काळेच राहते, पण गुहेचा अंधार काळा न ठेवता करडा केलेला असतो, आणि एकाएकी काळी आकृती त्यावर स्वच्छ उठून दिसते. दुसऱ्या एका चौकटीत आवाजाची लहर वटवाघळाच्या मागून सुरू होते, त्यामुळे दर टिचकीला त्याची आकृती प्रकाशासमोर क्षणभर गडद दिसते. या दोन चौकटी एकत्र केल्या की उत्तर हाती येते, आणि तेही रंगाचा थेंब न वापरता.

निवडलेल्या आकृती काळ्या रंगाने पूर्ण भरून पाहाव्यात. डोळे, दात, केस असे आतले सगळे तपशील गेल्यावरही ते वटवाघूळच वाटते का, की पतंग किंवा फाटलेली छत्री वाटते, हे या छायाकृतीवरून लगेच कळते. मोबाइलच्या पडद्यावर पात्राची उंची बहुधा नखाएवढीच असते, त्यामुळे खेळणाऱ्याच्या वाट्याला येते ती छायाकृतीच.

चौथी पायरी: आकारावरून काम कळू द्या

पुन्हा ‘अँग्री बर्ड्‌स’कडे वळू. त्यातील पिवळा पक्षी त्रिकोणी आहे आणि उडत असताना टिचकी मारली की तो बाणासारखा वेग घेतो. काळा पक्षी बॉम्बसारखा गोल असून तो फुटतो. निळे पक्षी चिमुकले आहेत आणि एकाचे तीन होतात. पांढरा पक्षी अंड्याच्या आकाराचा आहे आणि तो अंडेच खाली टाकतो. एक अक्षरही न वाचता, दोन-तीन वेळा खेळल्यावर कोणता पक्षी कधी उपयोगी पडेल हे लहान मुलाच्याही लक्षात राहते, कारण आकार, रंग आणि काम हे तिन्ही एकाच दिशेने बोलतात. मला हे मोबाइल गेमच्या चित्रकलेतील सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण वाटते, कारण ते आपण आज रात्री कागद घेऊन स्वतः तपासू शकतो.

आपल्या गुहेतही असेच करावे लागेल. धडकल्यास वटवाघूळ जखमी होते अशी भिंत टोकदार सुळक्यांची, बसून विसावा घेता येतो अशी जागा गोलसर आणि सपाट, तर आवाज शोषून घेणारी, म्हणजेच उजळतच नाही अशी भिंत मऊ शेवाळ्याच्या झुपक्यांची. प्रत्येक घटकासाठी आधी कामाचे एक वाक्य आणि त्याशेजारी आकार, असा तक्ता करावा. दोन घटकांचे काम वेगळे पण आकार सारखा निघाला, तर त्यांतला एक बदलावा; आकार वेगळे पण काम एकच निघाले, तर त्यांतला एक काढूनच टाकावा. या दुसऱ्या सूचनेमुळे पुढचे बरेच श्रम वाचतात.

पाचवी पायरी: खऱ्या पडद्याच्या मापाचे खोटे चित्र

आतापर्यंतची चित्रे सुटी होती. आता गेम चालू असताना पडदा कसा दिसेल याचे एक संपूर्ण चित्र काढायचे असते, ज्याला मॉकअप म्हणतात. हे चित्र मोठ्या मॉनिटरवर पाहून मंजूर करू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ते फोनमध्ये घ्यावे, पडदाभर उघडावे आणि फोन खेळताना धरतो तसाच धरावा.

मग अंगठा पडद्यावर ठेवावा. आपल्या गुहेच्या गेममध्ये फोन आडवा धरला आणि वटवाघूळ पडद्याच्या डाव्या भागात ठेवले, तर डावा अंगठा त्याच्यावरच येतो आणि ज्या पात्राला वाचवायचे तेच दिसेनासे होते. हा दोष मॉनिटरवर महिनाभर पाहूनही लक्षात आला नसता. उपाय दोन आहेत: वटवाघूळ मध्याकडे सरकवायचे, किंवा दिशा देण्याचे काम उजव्या अंगठ्याकडे सोपवायचे. पहिल्या उपायात पुढचा रस्ता कमी दिसतो, म्हणून प्रतिक्रियेला वेळ कमी मिळतो आणि गेम अवघड होतो; दुसऱ्या उपायात टिचकी आणि सरकवणे या दोन्ही क्रिया एकाच बोटावर येतात. यातले काय निवडायचे हे चित्र सांगू शकत नाही, ते पुढच्या पायरीवर खेळूनच ठरते.

मॉकअप काढताना काही मापे हाताशी ठेवावीत. बोटाने दाबायच्या जागेसाठी अ‍ॅपलची मार्गदर्शक तत्त्वे किमान ४४ पॉइंट आणि अँड्रॉइडची ४८ डीपी सुचवतात (पडदा कितीही बारीक पिक्सेलचा असला तरी आकार साधारण सारखा राहावा म्हणून वापरली जाणारी ही एकके आहेत), म्हणजे प्रत्यक्षात साधारण सात-आठ मिलिमीटर. जुन्या फोनच्या पडद्यांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण १६:९ होते, आताचे बरेच फोन १९.५:९ किंवा २०:९ असे लांबट असतात, तर काही टॅब्लेट ४:३ असतात. त्यामुळे महत्त्वाचे सगळे मधल्या भागात ठेवून कडेचा भाग कमी-जास्त झाला तरी चालेल अशी रचना करावी. कॅमेऱ्याची खाच, गोलाकार कोपरे आणि बोट सरकवून अ‍ॅपमधून बाहेर पडण्यासाठी असलेली खालची पट्टी यांच्या जागी एकही बटण येऊ देऊ नये.

सहावी पायरी: ओबडधोबड नमुना

मॉकअपच्या बरोबरीने, किंबहुना शक्य असल्यास त्याआधीच, खेळता येणारा कच्चा नमुना सुरू व्हायला हवा. त्यात चित्रे नसतात; वटवाघळाच्या जागी त्रिकोण, भिंतींच्या जागी करड्या पेट्या आणि आवाजाच्या जागी वाढत जाणारे वर्तुळ असते. ‘युनिटी’ किंवा मोफत मिळणारे ‘गोडो’ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरपैकी कशातही हे करता येते. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर काळ्या कागदाला नाणेभर भोक पाडून ते गुहेच्या नकाशावरून सरकवत मित्राला वाट शोधायला लावावी. लक्षात ठेवून पुढे जाण्यात मजा आहे की नाही, एवढे त्यातूनही कळते.

चित्रकाराने नमुन्याजवळ का बसावे, याचे उत्तर ‘थ्रीज’ या गेमच्या जडणघडणीत सापडते. अ‍ॅशर व्होल्मर यांनी केलेला त्याचा मूळ नमुना अगदी साधा होता: आकड्यांच्या फरशा सरकवायच्या आणि जुळवायच्या. पण एवढे साधे लोकांना पुरणार नाही या शंकेने व्होल्मर आणि चित्रकार ग्रेग वोलवेंड यांनी त्यावर सुशी, बुद्धिबळ, प्राणी, ब्रोकोली-चीजचे सूप, लष्करी चिन्हे, कापडावरची नक्षी अशी कितीतरी रूपे चढवून पाहिली. प्रत्येक रूपाबरोबर खेळणाऱ्याला शिकावे लागणारे काहीतरी वाढत गेले. शेवटी ते आकड्यांकडेच परतले, फक्त फरशांना हलकेसे चेहरे आणि स्वभाव राहिला. ६ फेब्रुवारी २०१४ रोजी हा गेम आला तेव्हा त्यामागे सुमारे १४ महिन्यांचे काम होते. तो सगळा वेळ वाया गेला असे म्हणणे चूक ठरेल, कारण काय नको हे त्याशिवाय समजले नसते. मात्र प्रत्येक नवे रूप लगेच नमुन्यात घालून अनोळखी माणसाला खेळायला देणे, आणि तो न विचारता किती पुढे जातो हे पाहणे, ही सवय लावून घेतली तर असा शोध लवकर आटोपतो.

सातवी पायरी: छटा आधी, रंग नंतर

रंग निवडण्यापूर्वी मॉकअपमधील रंग पूर्ण काढून ते करड्या छटांत पाहावे. पात्र, धोका आणि पार्श्वभूमी या तिघांच्या छटा तीन वेगळ्या पातळ्यांवर असतील तर कोणतीही रंगसंगती चालून जाते. त्या एकाच पातळीवर असतील तर कोणतीही रंगसंगती तो दोष झाकू शकत नाही. फोन उन्हात धरला की पडद्यावरचे बारीक फरक पुसले जातात, हेही लक्षात ठेवावे आणि पडद्याचा प्रकाश मंद ठेवून एकदा तपासून घ्यावे. लाल आणि हिरवा यांतील भेद काही लोकांना दिसत नाही, म्हणून धोका केवळ लाल रंगाने कधीही दाखवू नये. चौथ्या पायरीवर सुळके टोकदार केले असतील, तर हे काम आधीच झालेले असते.

आठवी पायरी: फोनला काय झेपते ते विचारा

चित्रकाराने प्रोग्रॅमरशी बोलायची वेळ इथे येऊन ठेपते, आणि ती पुढे ढकलू नये. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचे एक चित्र, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने, संकुचित न करता स्मृतीत ठेवले तर १६ मेगाबाइट जागा घेते. अशी दहा पार्श्वचित्रे एकाच वेळी लागली तर स्वस्त फोन अडखळतो. शिवाय सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे) दाखवायच्या तर प्रत्येक चौकटीसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. आपल्या गुहेत एकावर एक पसरणाऱ्या अर्धपारदर्शक लहरी देखण्या दिसतील, पण पडदाभर पसरलेले पारदर्शक थर मोबाइलच्या ग्राफिक्स चिपला महागात पडतात, कारण तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून लहर बारीक कड्यासारखी काढावी आणि एका वेळी तीनहून अधिक लहरी नसाव्यात असे आधीच ठरवावे. ही मर्यादा पाळल्यावर भिंत जास्त ठळक उजळते, म्हणजे गेमचाही फायदाच होतो.

नववी पायरी: शैलीपत्रक आणि आयकॉन

इथवर घेतलेले निर्णय एका-दोन पानांच्या शैलीपत्रकात उतरवावेत. पात्र समोरून, बाजूने आणि मागून कसे दिसते, रेषेची जाडी किती, रंगांचे नेमके क्रमांक कोणते, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, आणि काय कधीच करायचे नाही, हे त्यात असावे. ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ अशी चित्रांची जोडी शब्दांपेक्षा अधिक स्पष्ट असते. दुसऱ्या चित्रकाराने तुम्हाला न विचारता या पत्रकावरून नवी भिंत काढून दाखवली आणि ती गेममध्ये बेमालूम बसली, तर शैलीपत्रक पूर्ण झाले असे समजावे.

आयकॉनचा विचारही याच वेळी करावा. अ‍ॅप स्टोअरसाठी तो १०२४ पिक्सेल आणि गुगल प्लेसाठी ५१२ पिक्सेल चौरस द्यावा लागतो, पण लोक तो पाहतात ते नखाएवढ्या आकारात. वटवाघळाचा अख्खा देह त्यात बसवण्यापेक्षा मोठे कान आणि त्यांमागून उमलणारी एक लहर पुरे होते.

दहावी पायरी: नाकारलेले जपून ठेवा

निवड संपल्यावर उरलेली चित्रे पुसून टाकू नयेत. व्हिएतनामी डेव्हलपर डाँग न्गुएन यांच्या ‘फ्लॅपी बर्ड’ या मे २०१३मध्ये आलेल्या गेममधील पक्षी मुळात त्याच्या आदल्या वर्षी, पुढे रद्द झालेल्या एका वेगळ्याच गेमसाठी काढलेला होता. जुने चित्र वेळेवर सापडायचे असेल तर फाइलच्या नावात तारीख आणि प्रश्न दोन्ही असावेत; प्रश्नाचा भाग उदाहरणार्थ ‘गुहा-अंधार-छटा’ किंवा ‘वटवाघूळ-कान-आकार’. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’ अशी नावे पूर्णपणे टाळावीत. प्रत्येक संचासोबत एक छोटी नोंद ठेवावी: काय विचारले होते, कोणती चौकट निवडली आणि बाकीच्या का नाकारल्या. कामाच्या मध्यावर गटात नवा माणूस आला आणि त्याने ‘वटवाघळाला चमकते डोळे का नाहीत’ असे विचारले, तर त्याच्या हाती ही नोंद देता येते. आणि त्याच्याकडे त्या कारणांवरचे चांगले उत्तर असेल, तर तो प्रश्न नव्या पानावर, नव्या वीस चौकटींसह पुन्हा उघडता येतो.